व्हिक्टोरिया राणीच्या काळातली पेटंट औषधं आणि रामबाण इलाजांचे दावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इनो, ग्राइप वॉटर ही नावं आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. ती ज्या काळात जन्मली त्या काळात इंग्लंड-अमेरिकेत औषधांचा एक प्रचंड बाजार भरला होता, आणि त्यात क्षयापासून टक्कलापर्यंत सगळ्यावर इलाज मिळत असे. या विषयावर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. भर इंग्लंड आणि अमेरिकेवर आहे. हिंदुस्थानचा आणि मुंबईचा उल्लेख खरा संबंध आहे तिथेच केला आहे.

पेटंट औषधांना खरंच पेटंट असायचं का?

बहुतेकांना नसायचं. पेटंट घ्यायचं तर कृती सरकारदरबारी उघड करावी लागते, आणि मुदत संपली की ती कोणालाही वापरता येते. या व्यापाऱ्यांना नेमकं हेच टाळायचं होतं. नाव आलं ते जुन्या राजसनदांवरून. इंग्लंडच्या राजाकडून काही औषधांना अशी सनद मिळत असे. स्टाउटनच्या अर्काला ती १७१२ मध्ये मिळाली, टर्लिंग्टनच्या 'जीवनदायी बाल्सम'ला १७४४ मध्ये. पुढे सनद असो वा नसो, गुप्त कृतीच्या प्रत्येक तयार औषधाला लोक 'पेटंट औषध' म्हणू लागले.

व्यापारी जपत ते औषधाचं नाव, लेबल आणि बाटलीचा आकार. आत काय आहे हे मात्र घेणाऱ्याला विचारता येत नसे. माझ्या मते या सगळ्या धंद्याचं मूळ इथेच आहे. दावे खोटे होते हे तर झालंच, पण ते खोटे आहेत हे सिद्ध करण्याचं साधनच ग्राहकाच्या हाती ठेवलेलं नव्हतं. पुढची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्याशी येतात.

लोक इतके भोळे होते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि उत्तर 'नाही' असं आहे.

१८५० च्या सुमाराचं इंग्लंड डोळ्यांपुढे आणा. १८३२ मध्ये पटकीची (कॉलऱ्याची) साथ येऊन गेली, १८४८-४९ मध्ये पुन्हा आली, १८५४ आणि १८६६ मध्ये आणखी दोनदा येणार होती. पटकी कशाने होते याबद्दल खुद्द डॉक्टरांतच एकमत नव्हतं. डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवलं, तरी दूषित हवेने रोग होतो ही समजूत पुढे कित्येक वर्षं टिकली. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडला तो १८८२ मध्ये. तोवर डॉक्टर जे उपचार करत त्यांत रक्त काढणं, जळवा लावणं आणि कॅलोमेल नावाचं पाऱ्याचं संयुग देणं हे नित्याचं होतं. कॅलोमेलने तोंडातून लाळ वाहू लागे, हिरड्या सुजत, दात हलत. अशा उपचारांसाठी मजुराने आधी डॉक्टरची फी भरायची. त्यापेक्षा शिलिंगभर किमतीची गोळ्यांची डबी त्याला जास्त शहाणपणाची वाटली, तर त्यात त्याची चूक काय?

शिवाय त्या औषधांनी खरंच बरं वाटायचं. अफूने खोकला थांबतो, जुलाब थांबतात, दुखणं कमी होतं आणि झोप लागते. दारूने अंगात ऊब येते. बरेचसे आजार आपल्या आपण उतरतात, आणि त्याचं श्रेय शेवटी घेतलेल्या औषधाला मिळतं. जाहिरातींत छापलेली आभाराची पत्रं सगळीच बनावट होती असं म्हणूनच म्हणता येत नाही. कित्येकांनी ती मनापासून लिहिलेली असावीत.

बाटलीत नेमकं काय असायचं?

ढोबळमानाने चार गोष्टी: रेचक, दारू, अफू किंवा मॉर्फीन, आणि पाणी.

गोळ्यांमध्ये रेचकांचा भरणा असे. 'सगळे रोग रक्ताच्या अशुद्धीमुळे होतात आणि पोट साफ केलं की रक्त साफ होतं' ही समजूत तेव्हा सर्वमान्य होती, त्यामुळे सकाळी जोरदार कोठा साफ झाला की रुग्णाला वाटे, रोग निघून चालला. बीचम्सच्या गोळ्यांचं ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने पृथक्करण केलं तेव्हा त्यांत कोरफडीचा वाळवलेला चीक, म्हणजे आपला काळा बोळ, सुंठ आणि साबण एवढंच निघालं. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग होती (चार फार्दिंगांची एक पेनी, बारा पेन्सचा एक शिलिंग). डबी विकली जायची १ शिलिंग दीड पेनीला, म्हणजे मालाच्या किमतीच्या १०८ पटीने. आणि जाहिरात सांगायची की डबीचं मोल एका गिनीचं, म्हणजे २१ शिलिंगांचं आहे.

'टॉनिक' आणि 'बिटर्स' या नावाखाली दारू विकली जाई. अमेरिकेतल्या 'पेरुना'त सुमारे २८ टक्के अल्कोहोल होतं. लिडिया पिंकहॅमच्या बायकांसाठीच्या प्रसिद्ध काढ्यात ते १८ ते २० टक्क्यांच्या घरात होतं. दारूबंदी चळवळीत भाग घेणाऱ्या घरांमध्ये ही औषधं निर्धास्तपणे घेतली जात, कारण त्यांत दारू आहे हे लेबल सांगत नव्हतं.

कोकेनही सर्रास वापरलं जाई. पॅरिसच्या अँजेलो मारियानी यांनी १८६३ पासून कोकाच्या पानांची वाइन विकली. पोप तेरावे लिओ यांनी तिला सुवर्णपदक दिलं आणि त्यांचं चित्र जाहिरातीत झळकलं. अटलांटाच्या जॉन पेंबर्टन यांनी तसंच पेय काढलं, आणि त्यातूनच १८८६ मध्ये कोका-कोला तयार झालं. तेव्हा तेही डोकेदुखीवर आणि थकव्यावर गुणकारी म्हणून विकलं जात होतं.

काही बाटल्यांत अक्षरशः काही नव्हतं. टेक्सासमधल्या विल्यम रॅडम या बागवानाने 'मायक्रोब किलर' नावाचं औषध काढून दावा केला की ते शरीरातले सगळे जंतू मारून सगळे रोग बरे करतं. ते जवळपास ९९ टक्के पाणी होतं, उरलेल्यात मुख्यतः सल्फ्युरिक आम्ल. जंतूंचा शोध नुकताच गाजत होता आणि रॅडमने तोच शब्द बाटलीवर छापला. प्रयोगशाळेत नवा शोध लागला की थोड्याच दिवसांत त्याचं नाव बाजारातल्या बाटलीवर येतं, हे मला या इतिहासात वारंवार दिसतं. आधी वीज, मग जंतू, विसाव्या शतकात रेडियम.

तान्ह्या बाळांना खरंच अफू पाजायचे?

हो. या सबंध विषयातला सगळ्यात वेदनादायक भाग हाच आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

इंग्लंडमध्ये 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं औषध होतं: काकवी, पाणी, मसाल्याचा वास आणि अफू. कापडगिरण्यांच्या शहरांत, लेस विणणाऱ्या नॉटिंगहॅममध्ये, मँचेस्टरमध्ये आई बारा-बारा तास कामावर असायची. बाळ एखाद्या म्हातारीकडे किंवा लहानग्या बहिणीकडे सोपवलेलं असायचं. ते रडू नये म्हणून चमचाभर कॉर्डियल. फ्रेडरिक एंगेल्स यांनी १८४५ च्या आपल्या पुस्तकात मजुरांच्या मुलांना हे औषध कसं पाजलं जातं याबद्दल लिहून ठेवलं आहे. प्रत्येक औषधविक्रेता ते आपल्या मापाने करायचा, त्यामुळे एका दुकानातला चमचा आणि दुसऱ्या दुकानातला चमचा सारखा नसे. बाटली ठेवून दिली की अफू तळाशी बसे, आणि शेवटचे घोट सगळ्यात जहाल असत. काही मुलं एकाच घोटाने गेली. त्याहून अधिक मुलं सतत गुंगीत राहून, दूध न पिता, खंगत गेली. मृत्यूच्या नोंदीत मग 'अशक्तपणा' किंवा 'आकडी' असं कारण लागे.

अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' मिळू लागलं, मेन राज्यातल्या बँगर गावातून. दात येताना मूल चिडचिड करतं त्यावर हा उपाय होता. जाहिरातीतल्या चित्रांत गोबऱ्या गालांची मुलं आणि शांत बसलेली आई. त्याच्या एका औंसात, म्हणजे सुमारे ३० मिलीलिटरमध्ये, ६५ मिलिग्रॅम मॉर्फीन होतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९११ मध्ये त्याचा समावेश बाळांचे जीव घेणाऱ्या औषधांत केला.

दात येण्याच्या पुड्यांमध्ये पारा असायचा. 'स्टीडमन्स पावडर'मध्ये कॅलोमेल होतं. लहान मुलांचे हातपाय गुलाबी पडून सोलवटणाऱ्या 'पिंक डिसीज' नावाच्या आजाराचं कारण पारा आहे हे कळायला १९४० चं दशक उजाडलं. पुड्यांतून पारा काढला आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला.

या आयांना निर्दय ठरवणारी वर्णनं तेव्हाही छापून येत होती. मला ती अन्यायाची वाटतात. त्या बाईला दिवसाची मजुरी सोडणं परवडत नव्हतं, आणि बाटलीवर 'अफू' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडेही याचा पडसाद आहे: मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायका कामावर जाताना तान्ह्यांना अफूची बाळागोळी देत. कारण अगदी तेच होतं, गिरणीचा भोंगा आणि घरी बाळ सांभाळायला कोणी नसणं.

बाटलीवर सरकारी स्टँप असायचा, मग सरकारची मान्यता होती ना?

मान्यता नव्हती, तो कर होता. १७८३ पासून इंग्लंडमध्ये अशा औषधांवर स्टँप ड्यूटी होती. शिलिंगभर किमतीच्या औषधाला दीड पेनीची पट्टी लागे. म्हणून तर इतक्या औषधांची किंमत १ शिलिंग दीड पेनी अशी विचित्र दिसते. पट्टी झाकणावर चिकटवलेली असे आणि बाटली उघडताना फाटे. लोकांना वाटायचं की सरकारने तपासून मोहोर उमटवली आहे. व्यापाऱ्यांनी हा गैरसमज मुद्दाम जोपासला: 'सरकारी स्टँप नसेल तर माल नकली समजा.' हा कर १९४१ पर्यंत चालला. सरकारला उत्पन्न मिळत होतं, हे या धंद्याला हात न लावण्यामागचं एक साधं कारण होतं.

यातले सगळ्यात मोठे व्यापारी कोण?

इंग्लंडपुरतं बोलायचं तर तीन नावं घ्यावी लागतात.

जेम्स मॉरिसन पहिला. १८२५ पासून त्याने 'व्हेजिटेबल युनिव्हर्सल पिल्स' विकल्या आणि लंडनमध्ये 'ब्रिटिश कॉलेज ऑफ हेल्थ' असं भारदस्त नाव दिलेली कचेरी थाटली. गोळ्यांत गॅम्बोज असे. आपल्या कोकमाच्या जवळच्या नात्यातल्या झाडाचा हा पिवळा चीक अतिशय जहाल रेचक आहे. मॉरिसन म्हणे, गुण येत नसेल तर गोळ्या वाढवा. १८३६ मध्ये त्याच्या एका विक्रेत्याला रुग्णाच्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली दोषी ठरवलं गेलं. गोळ्यांची विक्री त्यानंतरही चालू राहिली.

दुसरा थॉमस हॉलोवे. १८३७ मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्याच वर्षी, त्याने मलम विकायला सुरुवात केली आणि पुढे गोळ्या. वैद्यकीय शिक्षण काहीच नाही. जाहिरातीची ताकद मात्र त्याने सर्वांआधी ओळखली. १८४२ मध्ये तो जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड खर्च करत होता, आयुष्याच्या अखेरीस ५०,००० पौंड. वापराच्या सूचना चिनी, तुर्की, अरबी आणि हिंदुस्थानातल्या भाषांमध्येही छापल्या जात. १८८३ मध्ये तो वारला. त्याच्या पैशातून मानसिक रुग्णांसाठी मोठं सॅनेटोरियम उभं राहिलं आणि एगम इथे स्त्रियांसाठी महाविद्यालय, ज्याचं उद्घाटन १८८६ मध्ये खुद्द राणीने केलं. रॉयल हॉलोवे आजही लंडन विद्यापीठाचा भाग आहे. त्या महाविद्यालयाने मुलींसाठी जे केलं ते मोलाचं आहे यात शंका नाही. तो पैसा कोणाच्या मजुरीतून आला हेही त्याच्या इतिहासात लिहिलं जायला हवं.

तिसरा थॉमस बीचम, लहानपणी मेंढ्या राखणारा. १८४७ पासून विगनच्या बाजारात गोळ्या विकू लागला, पुढे सेंट हेलेन्सला कारखाना काढला. प्रसिद्ध संगीत-संचालक सर थॉमस बीचम हा त्याचाच नातू.

जाहिराती कशा असायच्या?

इंग्लंडमध्ये १८५३ मध्ये जाहिरातींवरचा कर गेला, १८५५ मध्ये वृत्तपत्रांवरचा स्टँप गेला, १८६१ मध्ये कागदावरचा कर गेला. पेनीला एक वर्तमानपत्र मिळू लागलं आणि त्या पानांचा खर्च औषधवाल्यांनी उचलला. अमेरिकेतही तेच. मॅसॅच्युसेट्समधली एयर ही कंपनी फुकट पंचांगं वाटायची. त्यांत तिथी, हवामान, चंद्रकला आणि पानोपानी औषधं. ते पंचांग वर्षभर स्वयंपाकघरात टांगलेलं असे.

लिडिया पिंकहॅम यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. लिन गावातल्या या गृहिणीने १८७५ मध्ये आपला काढा विकायला काढला आणि स्वतःचा प्रेमळ चेहरा लेबलावर छापला. 'मिसेस पिंकहॅमना लिहा' असं आवाहन असे, आणि हजारो बायका आपल्या पाळीच्या, गर्भाशयाच्या तक्रारी त्यांना लिहीत. पुरुष डॉक्टरकडे जे बोलता येत नव्हतं ते पत्रात लिहिता येत होतं. ही गरज खरी होती. पिंकहॅम १८८३ मध्ये वारल्या. पत्रांना उत्तरं मात्र त्यांच्याच नावाच्या आधाराने पुढेही जात राहिली, आणि १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल'ने त्यांच्या थडग्याच्या दगडाचा फोटो छापून ही गोष्ट उघडी पाडली.

वर्तमानपत्रांनी हे उघडकीला का आणलं नाही?

बहुतेकांचं पोट त्या जाहिरातींवर होतं. अमेरिकेतल्या जाहिरात-करारांत तर एक कलमच असे: त्या राज्यात पेटंट औषधांविरुद्ध कायदा झाला तर करार रद्द. म्हणजे संपादकाने कायद्याच्या बाजूने लिहिलं तर तो स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडणार. लाल शाईत छापलेल्या या कलमाने कित्येक संपादकांची तोंडं बंद केली. इंग्लंडमध्ये १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 'सीक्रेट रेमेडीज' हे पृथक्करणांचं पुस्तक काढलं, तेव्हा अनेक वर्तमानपत्रांनी त्या पुस्तकाची साधी जाहिरातही घ्यायला नकार दिला.

लॉ कॉलेजात शिकवतात तो 'स्मोक बॉल' खटला याच काळातला का?

होय. मुंबई-पुण्यात एलएलबीच्या पहिल्या वर्षाला करार कायद्यात 'कारलिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी' वाचावाच लागतो, पण त्यामागचं औषध फार कमी जणांना आठवतं.

१८८९-९० मध्ये इन्फ्लुएंझाची जागतिक साथ आली. लंडनमध्ये रबराचा एक चेंडू विकला जाऊ लागला, आत कार्बोलिक आम्लाची पूड. चेंडू दाबायचा आणि धूर नाकात घ्यायचा. नोव्हेंबर १८९१ मध्ये 'पॉल मॉल गॅझेट'मध्ये जाहिरात आली: दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड बक्षीस, आणि आमच्या मनात खोट नाही हे दाखवायला १,००० पौंड अलायन्स बँकेत ठेवले आहेत. लुइझा कारलिल यांनी चेंडू घेतला, २० नोव्हेंबरपासून सूचनेप्रमाणे नियमित वापरला आणि १७ जानेवारी १८९२ ला त्यांना इन्फ्लुएंझा झाला. कंपनीने कोर्टात सांगितलं की जाहिरात म्हणजे नुसती फुशारकी, ती कोणी खरी मानायची नसते. डिसेंबर १८९२ मध्ये अपील कोर्टाने हे फेटाळलं. बँकेत पैसे ठेवले म्हणता तेव्हा तुमचा हेतू गंभीर आहे, आणि अट पूर्ण करणाऱ्या कोणाशीही तुमचा करार होतो.

औषधाचा दावा खरा की खोटा हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच. कारलिल जिंकल्या त्या बक्षिसाच्या वचनावर. हरल्यानंतर कंपनीने नवी जाहिरात दिली, बक्षीस २०० पौंडांवर नेलं आणि अटी एवढ्या घातल्या की ते कोणाला मिळूच नये.

विजेचे पट्टे काय प्रकार होता?

कमरेला बांधायचा पट्टा, त्यात जस्ताच्या आणि तांब्याच्या चकत्या. अशक्तपणा, पाठदुखी, मूत्रपिंडाचे विकार, 'पुरुषांचं दौर्बल्य' हे सगळं बरं होतं असा दावा. कॉर्नेलियस हार्नेस याने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर यासाठी आलिशान दवाखाना थाटला होता. १८९० च्या दशकात पॉल मॉल गॅझेटने त्याच्यामागे ससेमिरा लावला आणि धंदा कोसळला. लक्षात घ्या, स्मोक बॉलची जाहिरात छापणारं आणि विजेचे पट्टे उघडे पाडणारं वर्तमानपत्र एकच आहे.

'बायकांच्या गोळ्या' असं वाचलं, त्या कशासाठी?

जाहिरातीत लिहिलेलं असे: 'अडलेली पाळी मोकळी करणाऱ्या.' घेणारीला अर्थ कळे. बऱ्याच गोळ्या गर्भपातासाठी विकत घेतल्या जात, आणि गर्भपात हा मोठा गुन्हा होता. त्यामुळे गोळी निकामी निघाली तरी तक्रार कोणाकडे करणार? १८९८ मध्ये लंडनमध्ये क्राइम्स आडनावाच्या तिघा भावांना शिक्षा झाली. त्यांनी अशा गोळ्या विकल्या आणि मग त्याच ग्राहक बायकांना 'तुमचा गुन्हा उघड करू' अशी धमकीची पत्रं पाठवून पैसे मागितले. भीतीपोटी अनेकींनी पैसे पाठवले होते. शेफील्ड आणि आसपासच्या भागात बायका शिशाच्या मलमाच्या गोळ्या वळून खात, त्यातून शिशाची विषबाधा होई. या बायकांबद्दल आपल्याला जे कळतं ते कोर्टाच्या आणि इस्पितळाच्या नोंदींतून, म्हणजे सगळं बिघडल्यानंतर.

सापाच्या तेलाची गोष्ट खरी आहे का?

अमेरिकेत क्लार्क स्टॅन्ली हा माणूस १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात 'स्नेक ऑइल' विकत होता. पुढे सरकारने तपासलं तेव्हा त्यात खनिज तेल, थोडी चरबी, मिरची, टर्पेन्टाइन आणि कापूर यांचे अंश निघाले. सापाचा पत्ता नव्हता. दंड झाला २० डॉलर.

यातलं काहीच उपयोगी नव्हतं का?

काही होतं, आणि ते सांगितलं नाही तर चित्र अपुरं राहील. 'पिंक पिल्स फॉर पेल पीपल' या कॅनडातल्या गोळ्यांत लोह होतं. रक्त कमी असलेल्या मुलींना त्याचा फायदा होणं शक्य होतं, मात्र जाहिरात लकव्यावरही दावा करायची. नॉटिंगहॅममध्ये १८५१ मध्ये विल्यम वुडवर्ड यांनी ग्राइप वॉटर काढलं: शेपूचं तेल, सोडा, साखर आणि थोडं अल्कोहोल. ज्या शहरात गॉडफ्रेज कॉर्डियल सर्रास पाजलं जात होतं तिथेच अफूशिवायचं हे औषध निघालं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. जेम्स क्रॉस्ली इनो यांचं 'फ्रूट सॉल्ट' आम्लपित्ताला आराम देतं, तेव्हाही देत होतं. जुन्या जाहिरातींत ते ताप आणि रक्तदोषही टाळतं असं म्हटलेलं असे. तो दावा गळून पडला, आणि आपल्याकडे त्याला ढोकळा फुगवण्याचं नवं काम मिळालं.

ही औषधं हिंदुस्थानात येत होती का?

भरपूर. मुंबईतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत हॉलोवेच्या गोळ्या-मलमाच्या जाहिराती नेहमीच्या होत्या. क्लोरोडाईनचा तर जन्मच इथला. लष्करी डॉक्टर जॉन कॉलिस ब्राउन यांनी ते हिंदुस्थानात असताना पटकीवर उपाय म्हणून १८४८ च्या सुमारास तयार केलं: अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. जुलाब आणि कळा थांबत, पण पटकीत माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि त्यावर क्लोरोडाईनकडे उत्तर नव्हतं. सवय मात्र लागे. इंग्लंडमध्ये १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूवर बंधनं आणली, पण पेटंट औषधांना सूट दिली. १८९२ मधल्या एका खटल्यानंतर क्लोरोडाईनच्या बाटलीवर 'विष' असं लिहिणं भाग पडलं.

एतद्देशीय उद्योजकही याच बाजारात उतरले. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केलं आणि जाहिरातीची विलायती तंत्रं त्यांनीही आत्मसात केली. डोकेदुखीचं मलम डोकेदुखीसाठी विकण्यात गैर काही नाही.

मग हे थांबलं कसं?

अमेरिकेत सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांनी ऑक्टोबर १९०५ पासून 'कोलियर्स' साप्ताहिकात लेखमाला लिहून एकेका औषधाचं पितळ उघडं पाडलं. ३० जून १९०६ ला शुद्ध अन्न आणि औषध कायदा झाला. या कायद्याने अफू, मॉर्फीन, कोकेन, अल्कोहोल यांपैकी कशावरही बंदी घातली नाही. ते बाटलीत असेल तर किती आहे हे लेबलावर लिहा, एवढंच सांगितलं. तेवढ्याने बराच फरक पडला. 'मॉर्फीन' हा शब्द वाचून बाळाला सिरप पाजायला आई धजावेना, आणि कृती बदलाव्या लागल्या. मात्र रोग बरा करण्याच्या खोट्या दाव्याला हा कायदा लागू नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये म्हटलं, तेव्हा पुढच्या वर्षी दुरुस्ती करावी लागली. त्या दुरुस्तीतही विक्रेत्याचा फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याची अट होती, आणि बरेच जण त्या फटीतून सुटले.

इंग्लंड जास्त रेंगाळलं. १९१२ मध्ये संसदेची समिती नेमली गेली, तिने मोठा कडक अहवाल दिला, आणि तो बाहेर आला ४ ऑगस्ट १९१४ ला, ज्या दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं. अहवाल बाजूला पडला. कर्करोगाच्या इलाजांच्या जाहिरातींवर १९३९ मध्ये बंदी आली आणि घटकद्रव्यं लिहिण्याची सक्ती १९४१ मध्ये.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

१९४० च्या औषध कायद्यात 'पेटंट ऑर प्रोप्रायटरी मेडिसिन' ही संज्ञा आहे, आणि अशा औषधाच्या लेबलावर घटक लिहिण्याची तरतूदही. जाहिरातींसाठी १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, अंधत्व, लकवा यांसह ५४ आजार आणि अवस्थांची यादी त्याला जोडलेली आहे, आणि त्यांवर इलाजाची जाहिरात सामान्य लोकांसाठी करता येत नाही. उंची वाढवण्याचा दावाही त्यात येतो. अशी जाहिरात दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. जाहिरातीचा फोटो, तारीख आणि ती कुठे दिसली हे सोबत द्या.

आजोळच्या माळ्यावर जुनी विलायती बाटली सापडली. काय करू?

आत काही शिल्लक असेल तर उघडू नका, हुंगू नका, चाखू तर मुळीच नका. अफू, पारा, आर्सेनिक यांपैकी काहीही असू शकतं. मोरीतही ओतू नका. मुलांच्या हाती लागणार नाही अशी उभी ठेवा आणि जवळच्या फार्मसी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना किंवा संग्रहालयाला दाखवा. बाटली रिकामी असली तरी लेबल भिजवू नका. काचेवर उठावाची अक्षरं असतील तर ती नोंदवून घ्या. त्यांवरून बनवणाऱ्याचं नाव आणि शहर सहसा कळतं. बाटली अमेरिकन असेल आणि लेबलावर अल्कोहोल किंवा मॉर्फीनचं प्रमाण छापलेलं असेल, तर ती बहुधा १९०६ नंतरची. प्रमाण कुठेच नसेल तर त्याआधीची असण्याची शक्यता जास्त.